तासांचा हिशेब आपल्याही वहीत हवा

गेल्या महिन्यात एका रविवारी विहारातली वंदना आटोपली. मंडळी चपला शोधू लागली आणि वस्तीतल्या एक मावशी पदराआड धरलेले बँकेचे पासबुक घेऊन आमच्यापुढे उभ्या राहिल्या.

"भाऊ, तुम्ही हापिसात पगारपत्रकं करता ना? मग एवढं बघा. पोराचे आठ हजार ठरलेत. दर महिन्याला साडेसहा नाहीतर पावणेसातच पडतात. विचारलं की म्हणतो, कापतात. का कापतात ते सांगत नाही. माझ्या मनात भलतंसलतं येतं."

काय येत होते ते आम्ही ओळखले. घरातल्या पैशाला वाट फुटलेली ज्या बाईने एकदा पाहिली आहे, तिला दुसरे काय सुचणार?

मुलगा मागेच खांबाला टेकून उभा होता. आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स केलेला. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागून त्याला पाच महिने झाले होते. मान खाली घालून म्हणाला, "काका, शनिवारी आम्हाला थिअरीच्या वर्गाला सेंटरवर जावं लागतं. त्या दिवशी कंपनीत पंच होत नाही. म्हणून हजेरीत ए पडतो."

"कुणाला विचारलेस?"

"टाइम ऑफिसला विचारलं. ते म्हणाले, पंच नाही तर पैसे नाहीत. सगळ्याच पोरांचे कापतात."

"सगळ्याच पोरांचे" हा शब्द तो अशा स्वरात बोलला की जणू त्यामुळे ते कापणे न्याय्य ठरते. वाचकहो, आपल्या मुलांची ही सवय तुम्हीही पाहिली असेल. एकट्यावर अन्याय झाला तर तो अन्याय, आणि चाळीस जणांवर झाला तर तो नियम!

तिथेच पायरीवर बसून आम्ही हिशेब मांडला. आठ हजाराला २६ ने भागले की एका दिवसाचे ३०७ रुपये ६९ पैसे होतात. महिन्यात चार शनिवार आले तर १,२३१ रुपये जातात आणि हातात ६,७६९ उरतात. पाच शनिवार आले तर ६,४६२. पासबुकातले आकडे रुपयाला रुपया जुळले. पोरगा खोटे बोलत नव्हता. मावशींच्या चेहऱ्यावरचा ताण आमच्या डोळ्यांदेखत उतरला, आणि लगेच दुसरा चढला. "म्हणजे शिकायला जातो म्हणून कापतात?"

होय मावशी, शिकायला जातो म्हणूनच कापतात. आणि कायदा बरोबर याच्या उलट सांगतो.

शिकाऊ उमेदवारांसाठी आपल्या देशात १९६१ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याच्या कलम १० मध्ये स्पष्ट लिहिले आहे की, ट्रेडच्या शिकाऊ उमेदवाराने संबंधित विषयाच्या वर्गात घालवलेला वेळ हा त्याच्या पगारी कामाच्या वेळेचाच भाग धरायचा. एवढे सरळ वाक्य कायद्याच्या पुस्तकात क्वचितच सापडते. १९९२ च्या नियमांनी आठवड्याचे एकूण तास ४२ ते ४८ ठरवले, तेही वर्गाचे तास धरूनच. म्हणजे शनिवारी फळ्यासमोर बसलेला मुलगा हजेरीच्या दृष्टीने कारखान्यातच असतो. त्याच्या नावापुढे ए लिहिणे चूक आहे, आणि त्या ए वरून पैसे कापणे ही त्याहून मोठी चूक आहे. मशीनला सेंटर दिसत नाही हे खरे. पण मशीनला जे दिसत नाही ते टाइम ऑफिसच्या माणसाने पेनाने लिहायचे असते. त्यासाठीच तर त्याला खुर्ची दिलेली असते.

आम्ही खुर्चीवरच्या माणसाला एवढे बोलतो याचे कारण, ती खुर्ची आमचीही आहे. त्याबद्दल पुढे सांगू. आधी एक जुनी गोष्ट.

आपल्या सभांमधून आणि एप्रिलच्या फलकांवरून आपण नेहमी सांगतो की, बाबासाहेबांनी १४ तासांचे आठ तास केले. भावना खरी आहे. पण आम्ही पडलो कारकून. आम्हाला कागद पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. कागद असे सांगतो की, १९३४ च्या कारखाने कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याची मर्यादा ५४ तास होती. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि १९४६ च्या दुरुस्तीने त्या ५४ तासांचे ४८ झाले. आठवड्याला सहा तास. कुणाला हा आकडा लहान वाटेल. ज्याने लूमवर किंवा प्रेसवर उभे राहून सहा तास काढले आहेत त्याला तो लहान वाटणार नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यातही हेच ४८ तास राहिले. बाबासाहेबांच्या कामाला आपण फुगवून सांगितलेल्या आकड्याची गरज नाही. उलट खरा आकडा पाठ असला, तर टाइम ऑफिसच्या खिडकीवर तो उपयोगी पडतो.

मात्र इथे एक खाच आहे. शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार नाही. १९६१ च्या कायद्याचे कलम १८ म्हणते की तो प्रशिक्षणार्थी आहे, म्हणून कामगार कायदे त्याला लागू नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि जुने २९ कायदे त्यांत विलीन झाले, हे तुम्ही वाचले असेल. शिकाऊ उमेदवारांचा कायदा त्या २९ मध्ये नव्हता. तो वेगळा होता आणि वेगळाच राहिला. त्यामुळे युनियनचा माणूस बऱ्याचदा या पोरांच्या प्रश्नाला हात लावत नाही आणि पोरांनाही वाटते की आपल्याला कुठलाच कायदा नाही. कामगार म्हणून काही हक्क मिळत नसतील, पण विद्यार्थी म्हणून जे हक्क आहेत ते कामगारालाही नाहीत. उदाहरणार्थ, शिकाऊ उमेदवाराला नगावर पैसे देता येत नाहीत, आणि उत्पादनाच्या बोनस योजनेत त्याला ओढता येत नाही. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्याला ओव्हरटाइमला थांबवता येत नाही, आणि ही मंजुरी द्यायची ती ओव्हरटाइम त्याच्या शिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताचा असेल तेव्हाच. १९९२ च्या नियमांत ट्रेडच्या उमेदवाराला रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत पूर्वपरवानगीशिवाय कामावर ठेवायचे नाही असेही घातलेले होते. मोठ्या ऑर्डरीच्या वेळी "आज थांब रे, उद्या बघू" असे म्हणणाऱ्या सुपरवायझरला हे ठाऊक असतेच असे नाही. ठाऊक असले तरी पोराला ते ठाऊक नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते.

एक गोष्ट मान्य करायला हवी. २०१४ च्या दुरुस्तीने कायदा मालकाच्या बाजूला थोडा झुकला. रोजचे आणि आठवड्याचे तास मालकाने ठरवायचे, फक्त प्रशिक्षणाचा ठरलेला कालावधी पाळायचा, असे कलम १५ मध्ये आले. रजाही त्या आस्थापनेत जशा असतील तशा. पूर्वीच्या नियमांत वर्षाला १२ किरकोळ आणि १५ वैद्यकीय रजा आकड्यात लिहिलेल्या होत्या. पोराला बोट ठेवून दाखवता येत होत्या. आता बोट ठेवायचे ते कंपनीच्या स्वतःच्या नियमावर, आणि तो नियम बहुधा कुणी मागितल्याशिवाय कपाटाबाहेर येत नाही. पण ओव्हरटाइमचे कलम २०१४ मध्येही हलले नाही.

आता आमच्या खुर्चीबद्दल.

काही वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयात सहा महिन्यांसाठी एक मुलगी विद्यावेतनावर आली होती. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. आपल्याच समाजाची, आडनावावरून आम्ही ओळखले होते, पण तसे दाखवले नाही. का दाखवले नाही हे आज विचारले तर उत्तर देता येत नाही. हजेरीचे काम आमच्याकडे होते. कार्यालय पावणेदहाला उघडायचे आणि दहानंतर येणाऱ्याला लेटमार्क. तीन लेटमार्क झाले की एक किरकोळ रजा खर्ची टाकायची, ही आमच्याकडची रीत. तिचे सकाळचे कॉलेज साडेनऊला सुटायचे, मग बस, मग स्टँडपासून चालत. सव्वादहा व्हायचेच. आठवड्याला तीन-चार लेटमार्क पडत. कायम कर्मचाऱ्याच्या खात्यावर रजा असते, ती वजा होते आणि पगार शाबूत राहतो. तिच्या खात्यावर रजाच नव्हती. मग आम्ही काय केले? तीन लेटमार्काला एक दिवस, या हिशेबाने सरळ विद्यावेतन कापले. पहिल्या महिन्यात चार दिवस, दुसऱ्यात पाच. भागायचेही २६ ने. ३० ने भागले असते तर दिवसामागे थोडे कमी कापले गेले असते; पण आमच्या आधीच्या बाबूने २६ ने भागायची पद्धत ठेवली होती, तीच आम्ही चालवली.

तिला घेताना तिच्या कॉलेजची वेळ अर्जावर लिहिलेली होती. तो अर्ज आमच्याच फायलीत होता. संध्याकाळी ती सहाऐवजी साडेसहापर्यंत बसून काम पुरे करायची, तेही आम्ही रोज पाहत होतो. पण संध्याकाळच्या अर्ध्या तासाला आमच्या मस्टरमध्ये रकानाच नव्हता. उशिरा येण्याचा रकाना होता, उशिरा जाण्याचा नव्हता. चौथ्या महिन्यात ती यायची बंद झाली. साहेबांनी विचारले, आम्ही सांगितले, "अनियमित होती." मस्टर बरोबर होते. बेरजेत पैशाची चूक नव्हती. आम्हाला कुणी जाब विचारला नाही, आजही विचारलेला नाही.

आणि आम्ही स्वतः कसे शिकलो? सकाळी कॉलेज करून दुपारी एका घाऊक दुकानात पावत्या लिहून बी.कॉम. झालो. शेठ चिडका होता, पण परीक्षेच्या दिवसांत "जा, पेपर दे, संध्याकाळी ये" म्हणायचा. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, ते नोकरी करणाऱ्या तरुणाला आधी वर्ग आणि मग कामावर जाता यावे म्हणून सकाळच्या वेळात. म्हणजे पोटासाठी राबणाऱ्या विद्यार्थ्याचे घड्याळ पाहून तिथे शाळेने आपले घड्याळ लावले होते. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी "कमवा आणि शिका" चालवले, तिथेही मुले शेतात राबत ती शिकता यावे म्हणून. हे सगळे आम्हाला त्या वेळीही माहीत होते, भाषणांत सांगतही होतो. पण मस्टर उघडले की आठवत नसे.

म्हणून मस्टरवर बसलेल्या आपल्या बंधु-भगिनींना आमचे सांगणे आहे. आज कार्यालयांत, कारखान्यांत, बँकांत आपलेही बरेच लोक त्या टेबलावर आहेत. एखाद्या शिकाऊ मुलाच्या नावापुढे ए लिहिताना तो त्या दिवशी वर्गात होता का, परीक्षेला होता का, एवढे विचारा. विचारायला नियमाची आडकाठी नाही. आम्ही विचारले नव्हते.

आता दुसरी हकिकत, पोरांसाठी. तास लिहून ठेवणे हे फक्त पैशासाठी असते असे ज्यांना वाटते त्यांनी ती नीट वाचावी. आमच्या ओळखीच्या घरातला एक मुलगा प्रेस शॉपमध्ये शिकाऊ म्हणून होता. पाच वाजले की सुपरवायझर सांगायचा, "कार्ड पंच करून परत ये." पोरे गेटजवळच्या मशीनवर जाऊन पंच करायची आणि पुन्हा मशीनवर उभी राहायची. ओव्हरटाइमची मंजुरी नाही, म्हणून कागदावर ओव्हरटाइमच नाही. एका संध्याकाळी सव्वासातला त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे पेराजवळ गेली.

शिकाऊ उमेदवाराला प्रशिक्षणात इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, असे कलम १६ सांगते. पण कंपनीने कार्ड पुढे केले. मुलगा पाच वाजता बाहेर पडला आहे. सव्वासातला तो कुठे होता आम्हाला काय माहीत! आपल्याच हाताने केलेला पंच आपल्याच हाताविरुद्ध साक्षीला उभा राहिला. त्याची आई आणि आम्ही जवळजवळ दोन महिने खेटे घालत होतो. सुटका केली ती गेटवरच्या वॉचमनच्या रजिस्टरने. मुलाला दवाखान्यात नेणाऱ्या गाडीचा नंबर आणि सात वाजून चाळीस मिनिटे ही वेळ त्याने निळ्या शाईत लिहून ठेवली होती. रोजच्यासारखी एक ओळ. तो वॉचमन घाईत असता, किंवा त्याला कुणी आधी गाठले असते, तर? भरपाई मिळाली. बोटे अर्थातच मिळाली नाहीत.

आमच्या आजोबांच्या पिढीने सावकाराच्या कागदावर अंगठा दिला, वर काय लिहिले आहे ते न वाचता. ही पोरे शिकलेली आहेत, सही झोकात करतात. पण रोज सकाळी मशीनवर अंगठा लावताना मशीनने काय लिहिले ते तीही वाचत नाहीत. महिन्याच्या शेवटी हजेरीचा तक्ता मागितला तर बहुतेक ठिकाणी दाखवतात. मागणारा मात्र पाहिजे. त्यात जेवणाची अर्धी तास सुट्टी मिळाली नसली तरी आपोआप वजा होते का, हजेरीचा महिना एक तारखेपासून धरतात की २१ तारखेपासून, एखादा पंच चुकला तर दुरुस्तीचा अर्ज किती दिवसांत द्यायचा, हे सगळे पहिल्या आठवड्यातच विचारून घ्यावे. नंतर विचारले की भांडण वाटते.

आणि आपली स्वतःची एक वही असावी. दहा-वीस रुपयांची चालेल. रोज रात्री झोपण्यापूर्वी तारीख, आत गेलो ती वेळ, बाहेर पडलो ती वेळ, कोणत्या मशीनवर काम केले आणि कुणी सांगितले, एवढे लिहायचे. वर्गाचा दिवस असेल तर सेंटरवरच्या हजेरीची सही किंवा मोबाईलवर फोटो. "पंच करून परत ये" असे कुणी म्हटले तर तेही लिहायचे, शब्दाला शब्द. मोबाईलमध्ये लिहिले तरी हरकत नाही, पण मोबाईल फुटतो, हरवतो, विकला जातो. पेनाने रोज लिहिलेल्या वहीकडे पाहण्याची अधिकाऱ्याची नजर वेगळी असते, हे आम्ही टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिले आहे.

वहीच्या आधी एक कागद हवा, तो म्हणजे करारनामा. शिकाऊ उमेदवाराचा मालकाशी करार होतो आणि त्याची नोंदणी व्हावी लागते. उमेदवार अज्ञान असेल तर पालकाची सही लागते. आमच्या वस्तीत आम्ही चौकशी केली तेव्हा अकरा मुलांपैकी तिघांकडेच प्रत होती. दोघांना तर आपण शिकाऊ उमेदवार आहोत की ठेकेदाराचे ट्रेनी, हेच सांगता येईना. नोंदणीचा करार नसेल तर वर सांगितलेली कलमे पोराच्या हातून निसटतात, म्हणून हे आधी पाहावे. याच कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने कलम ३-अ आले आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवल्या गेल्या. जागा मिळवण्यासाठी आपण धावपळ करतो, दाखले काढतो, ओळखी शोधतो. जागा मिळाल्यावर करार वाचायला मात्र दहा मिनिटे देत नाही. १९१३ साली बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला निघण्यापूर्वी बाबासाहेबांनाही करारावर सही करावी लागली होती. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची अशी त्यात अट होती.

घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दलही दोन शब्द. "मुकाट्याने कर, पुढे पर्मनंट करतील" हे वाक्य आम्ही शेकडो घरांतून ऐकले आहे. शिकाऊ उमेदवाराला नोकरीत घेतलेच पाहिजे असे कायदा मालकाला सांगत नाही. २०१४ पासून प्रत्येक मालकाने याबाबत आपले धोरण ठरवायचे आहे, इतकेच. मुकाट्याने केलेल्या जादा तासांची कुठेही नोंद नसते. मग ते आठवून नोकरी कोण देणार? पोरांनीही आपली बाजू स्वच्छ ठेवावी. मित्राचे कार्ड पंच करणे, पंच करून बाहेर चहाला जाणे, थिअरीच्या नावाखाली सिनेमा बघणे हे प्रकार होतात, आम्हाला कळतात. ज्याच्या वहीत एक खोटी ओळ सापडली, त्याच्या उरलेल्या खऱ्या ओळी वाया गेल्या.

पोरे बाकीच्या योजनांबद्दलही विचारतात, म्हणून थोडक्यात. राज्य सरकारची २०२४ ची युवा कार्य प्रशिक्षण योजना आणि केंद्राची त्याच वर्षीची पंतप्रधान इंटर्नशिप योजना या १९६१ च्या कायद्याखालच्या नव्हेत, आणि पूर्णवेळ शिक्षण घेत असलेल्यांसाठीही नव्हेत. राज्याच्या योजनेत सुरुवातीला बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० असे विद्यावेतन ठरले. केंद्राच्या योजनेत सुरू होताना महिना ५,००० होते. त्यातले ५०० कंपनीने हजेरी आणि वर्तणूक पाहून द्यायचे, आणि मग सरकारचे ४,५००. म्हणजे तिथेही गाडी हजेरीवरूनच पुढे सरकते.

आपली काही मुले शिष्यवृत्तीवर इंग्लंडमध्ये शिकत आहेत. त्यांच्यासाठी तिथला तासांचा नियम फार कडक आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येते आणि आठवडा सोमवार ते रविवार असा मोजतात. एका आठवड्यात २५ आणि पुढच्यात १५, अशी सरासरी चालत नाही. नियम मोडला तर व्हिसा विद्यार्थ्याचा धोक्यात येतो. तेव्हा त्यांनी तर वही ठेवावीच.

आता मावशींच्या मुलाचे काय झाले ते सांगतो. त्याच रविवारी आम्ही त्याच्याकडून साध्या मराठीत एक अर्ज लिहून घेतला. आमच्या अक्षरात लिहिला नाही; त्याच्याच अक्षरात, चार वेळा फाडून पाचव्यांदा. भांडणाचा एक शब्द त्यात नव्हता. शनिवारच्या तारखा, सेंटरच्या हजेरीचा दाखला, कलम १० चा उल्लेख आणि विनंती. दोन प्रती. एका प्रतीवर पोच शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, एवढे बजावले. पोरगा घाबरत गेला. टाइम ऑफिसच्या बाबूने अर्ज वाचला, वर पाहिले आणि म्हणाला म्हणे, "हे आधी का नाही सांगितलं?" शिक्का मारून दिला. तो बाबूही वाईट माणूस नसावा. त्याच्या आधीच्या बाबूने जशी पद्धत ठेवली तशी तो चालवत असणार.

चालू महिन्याचे चारही शनिवार हजर लागले. पूर्ण आठ हजार जमा झाले, आणि त्याच्याबरोबर इतर पोरांचेही. मागच्या पाच महिन्यांच्या २१ शनिवारांचे ६,४६१ रुपये मात्र कंपनीने अजून दिलेले नाहीत. "वर विचारतो" असे उत्तर मिळाले आहे. कायद्याप्रमाणे असा वाद शिकाऊ उमेदवारी सल्लागारापुढे नेता येतो आणि त्याचा निर्णय मान्य नसेल तर ३० दिवसांत वर अपील करता येते. दुसरा अर्ज तयार आहे. या वेळी त्यावर एकट्याची सही नाही; नऊ मुलांनी केली आहे, दोघे अजून घरी विचारून सांगतो म्हणत आहेत.

मावशींनी परवा विहारात आल्यावर पिशवीतून नवी कोरी वही काढून दाखवली. पहिल्या पानावर त्यांनी स्वतः, साक्षरतेच्या वर्गात शिकलेल्या जाड अक्षरात, मुलाचे नाव आणि तारीख लिहिली होती. "रोज रात्री भरतो का बघते मी," म्हणाल्या. "आणि भाऊ, मागच्या पैशाचं विसरू नका."

येत्या रविवारी वंदनेनंतर अकरा वाजता आम्ही विहारातच बसणार आहोत. ज्यांची मुले-मुली कुठेही विद्यावेतनावर काम करत असतील त्यांनी करारनाम्याची प्रत, पासबुक आणि निदान गेल्या दोन महिन्यांची हजेरी घेऊन यावे. हजेरी नसेल तर आठवून लिहून आणावी. पेन आम्ही देऊ.